टेबलाजवळची जागा

मेहकरच्या कॉलेजात समीक्षाला स्कोअररच्या टेबलाशी बसवलं ते निव्वळ नशिबानं. नेहमीची मुलगी लोणारहून यायची, तिची एसटी हुकली, आणि खेळाच्या भाऊराव सरांनी लायब्ररीकडे निघालेल्या समीक्षालाच हाक मारली. बास्केटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिच्या हातात पितळी घंटी कोंबून सर निघूनही गेले.

थोड्या वेळानं एक उंच मुलगा टेबलाशेजारी येऊन उकिडवा बसला. ऊन लागलं असेल बिचाऱ्याला, म्हणून तिनं पाण्याची बाटली पुढे केली.

"पाणी नाही पाहिजे," तो हसू दाबत म्हणाला. "घंटी वाजवा."

"काऊन?"

"मी आत जाऊन राह्यलो... म्हणजे, तुम्ही जाऊ द्याल तर."

मग त्यानं समजावलं. बदली खेळाडूनं टेबलाजवळ थांबायचं, खेळ थांबला की टेबलावरून घंटी, मगच आत. तेवढ्यात खेळ थांबलाही होता — आणि ही बया त्याच्या डोळ्यांकडे बघत बसलेली! खेळ पुन्हा सुरू झाल्यावर तिला घंटी आठवली. त्यानं कपाळाला हात लावला, पण जागचा हलला नाही.

हा ऋत्विक. धामणगाव बढेचा. मैदानात पाच उतरतात, हा सहावा. पहिल्या पाचांच्या तोंडाला फेस आला की सर याला उठवत. तोवर बाकावर बसून तो सगळं टिपून ठेवायचा... कोण दमलाय, कोण डावीकडे वळायचं टाळतोय. टेबलाशी बसल्या बसल्या ते समीक्षाला हळूच दाखवायचा, आत जायचा आणि नेमका तिथूनच घुसायचा. हातची गेलेली मॅच फिरायची. लोणारच्या मुलीला एसटी वेळेवर मिळायला लागली, तरी समीक्षानं घंटी काही सोडली नाही. आपल्याच टीममधलं कुणीतरी लवकर दमावं म्हणून ती देव पाण्यात घालून बसायची. पापच की हो हे!

फायनलच्या आधी नेहमी सुरुवातीला उतरणाऱ्या प्रेमचा पाय मुरगळला आणि सरांनी ऋत्विकला पहिल्या पाचात घेतलं. त्याचे वडील पुंजाजी दर सुट्टीत विचारायचे, तू खेळतं का नुसता बसतं? आता ते स्वतः बघायला येणार होते. सगळ्यांनी ऋत्विकचं अभिनंदन केलं. समीक्षानंही केलं, पण वरवरचं. त्याचं शेवटचं वर्ष, ही शेवटची मॅच, आणि आता तो टेबलाशी येणारच नव्हता. मनातलं सांगायचं राहूनच गेलं होतं.

फायनलला ती टेबलाशेजारच्या रिकाम्या जागेकडेच बघत होती. ऋत्विक सगळ्यांसारखाच धावत होता, सगळ्यांसारखाच चुकत होता. मध्यंतराला टीम चांगलीच मागे होती. तेव्हा तो सरांजवळ जाऊन काहीतरी बोलला, सरांनी मान डोलावली, आणि खेळ सुरू झाला तेव्हा त्याच्या जागी दुसराच मुलगा, ऋत्विक चक्क बाकावर बसलेला. प्रेक्षकांत पुंजाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं.

शेवटचा क्वार्टर सुरू झाला आणि तो टेबलाशी येऊन बसला. समीक्षाचा जीव भांड्यात पडला.

"बाबा पाहून राह्यले ना तुझे," ती कुजबुजली.

"पाहू दे. आतून मले काहीच दिसत नव्हतं." त्यानं घंटीकडे बघितलं. "आन... तू लांब पडत होती."

समीक्षानं घंटी उचलून जवळ ओढली.

"मॅच झाल्यावर स्टँडवर चहा पिशील माह्यासंगं? मंग रोजच?"

"हाव," ती म्हणाली... खेळ थांबला आणि तिनं घंटी अशी बडवली की सर दचकले.

पुढे काय झालं ते मेहकरात कुणालाही विचारा. समोरच्यांचा दमलेला उंच खेळाडू ऋत्विकनं बरोबर हेरला होता, सगळ्या चाली त्या उंच पोराच्याच बाजूनं झाल्या. मॅच आपण जिंकली.

गर्दी ओसरल्यावर पुंजाजी टेबलाशी आले. "बसून काय पाहत होता बे?"

"समोरच्या उंच पोराचा डावा पाय, बाबा. लंगडत होता तो."

पुंजाजींनी एकदा समीक्षाकडे बघितलं, एकदा पोराकडे.

"पाय तिकडं होता. तुही मान तर सारखी टेबलाकडं होती."

दोघांच्याही माना खाली गेल्या. पुंजाजींनी टोपी नीट घातली.

"मी होतो पुढं, चहा सांगतो," ते म्हणाले. "तुम्ही दोघं या सावकाश."