उसना दम

शाल्मली इंगवलेच्या हातातल्या झेंड्यावर 'साडेचार तास' लिहिलं होतं आणि तिच्यामागे एकोणीस जण गप्पा मारत पळत होते. मॅरेथॉनमध्ये पन्हाळ्याहून कोल्हापूरला परतताना, बत्तिसाव्या किलोमीटरला, गप्पा! गेल्या वर्षापर्यंत इथं भल्याभल्यांना देव आठवायचे.

ही सगळी किमया प्रत्येकाच्या मानेवरच्या दमपट्टीची. पेसर, म्हणजे ठरल्या वेळेत सगळ्यांना पोहोचवणारा धावक, नेहमी स्वतःच्या ताकदीपेक्षा तासभर सावकाश पळतो. शाल्मलीचा थकवा, तिचं दुखणंखुपणं पट्टी टिपायची आणि मागच्यांच्या मेंदूला तेवढंच कळवायची. त्यांची स्वतःची दमछाक, दुखणी मानेतच अडवलेली. तिला काही होत नव्हतं, म्हणून कुणालाच काही होत नव्हतं.

"पोरी, आज पन्हाळा परत चढून येतो बघ!" फौंड्रीवाले दिनकरअण्णा चौगुले ओरडले.

शाल्मलीने हसत मागे पाहिलं. अण्णांचा उजवा घोटा प्रत्येक पावलाला आत मुडपत होता. नडगीचं हाड कातडी फाडून वर आलं होतं, बूट रक्ताने भरला होता, ओठ निळे पडले होते. आणि हा माणूस शीळ घालत होता! अजून दहा किलोमीटर पळाला तर हा मरणार, हे तिला स्वच्छ दिसलं.

"अण्णा, थांबा! पाय मोडलाय तुमचा!"

"खुळी का काय? झ्याक चाललंय की!"

तिने त्यांच्या मानेवरची पट्टी ओढायला हात घातला. अण्णांनी तिला कोपर हाणलं, थेट नाकावर. मागोमाग बँकेतल्या शिंत्र्यांनी तिची गचांडी धरली. "आमची वेळ घालवतीस होय गं?" त्यांनी तिच्या कानाखाली जाळ काढला.

आणि स्वतःच गाल धरून कळवळले. अण्णांसकट झाडून सगळे नाक नि गाल दाबत होते. तरी पाय कुणाचेच थांबेनात.

शाल्मलीला काय करायचं ते कळलं. भीतीने तिला रडू फुटलं. रडत रडतच तिने रस्त्याकडेचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या गुडघ्यावर घातला. एकदा. वाटी फुटली नाही, म्हणून पुन्हा.

एकोणीस माणसं एकाच किंकाळीसरशी डांबरावर कोसळली. ती सरपटत अण्णांपाशी गेली आणि तिने पट्टी उपटली. बत्तीस किलोमीटर त्यांच्या अंगात एकदम शिरले. माणूस असा ओरडू शकतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

ओरडणं सरल्यावर अण्णांनी आपल्या पायाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुला काईच होत नव्हतं, पोरी," ते म्हणाले. "मग मी मराय लागलोय, हे मला कोण सांगणार होतं?"