बुधवारची कोरी ओळ

बुधवारी दुपारी बारा वाजता तलावाच्या मधोमध होडी उलटी तरंगताना सापडली. चार उतारू तिला धरून होते, म्हणून वाचले. नावाडी संध्याकाळी सापडला.

सकाळी सातला रेडिओवर अंदाज सांगितला होता, तो असा: "आठवडाभर हवा अस्थिर, अधूनमधून सरी. आज दुपारपर्यंत मात्र उघडीप, वारा मंद." अकरा वाजता आभाळ काळं झालं आणि वाऱ्याने तलाव ढवळून काढला. वसंतातली हवा तशी लहरीच, घडीत ऊन आणि घडीत सर. पण माणूस गेला की हवेला कोणी दोष देत नाही, अंदाज सांगणाऱ्याला देतात.

शुक्रवारी तपासनीस बाई आल्या. हवामान खात्यातली उपकरणं आणि नोंदी तपासण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. वरिष्ठांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "चूक कार्यालयाची की डोंगराची?" कार्यालयाची असेल तर अंदाज लिहिणाऱ्याची नोकरी जाणार होती. डोंगराची असेल तर डोंगरावरच्या केंद्रात नोंदी घेणाऱ्या म्हाताऱ्या पाराकाकांची नोकरी, पेन्शन आणि सरकारी घर, तिन्ही.

अंदाज लिहिणाऱ्याला सगळे 'बहुतेक' म्हणत, कारण त्याचं निम्मं बोलणं तिथूनच सुरू होई. दोन दिवसांत त्याचा चेहरा पार उतरला होता.

"वादळ पश्चिमेकडून येतं. त्याची चाहूल आधी डोंगराला लागते," तो म्हणाला. "डोंगराने सकाळी सहाला दाब कळवला तो आदल्या दिवसाइतकाच, ९१२.४. दाब उतरला असता तर मी इशारा दिला असता."

"फोनवर कोण होतं?"

"पाराकाका. कधीकधी त्यांची लेक आकडे सांगते, पण त्या दिवशी पुरुषाचाच आवाज होता."

"पाराकाकांचाच? नक्की?"

"बहुतेक," तो म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

बाईंनी फोनवरचे आकडे उतरवलेली चिठ्ठी मागितली. तापमानाचे दोन आकडे होते. कोरडं ११, ओलं साडेबारा. दोघांच्या मध्ये पेन्सिलीचे उलटसुलट बाण काढले होते. त्याखाली पाऊस ६.२ मिलिमीटर. धरणावरच्या पर्जन्यमापकात त्या रात्रीचा पाऊस ६ होता. बाईंनी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि बहुतेकला म्हणाल्या, "चला, डोंगरावर."

पाराकाकांचं घर डोंगराच्या पायथ्याशी होतं. तिथून एकशे चाळीस पायऱ्या चढल्या की नोंदीची खोली. पाऱ्याशी चाळीस वर्षं संसार केला म्हणून ते पाराकाका. बुडालेला नावाडी त्यांचा जावई. लेक आणि जावई त्यांच्याच घरात राहत.

म्हातारा खुर्चीत बसला होता. आभाळ भरलेलं, घरात अंधार, तरी डोळ्यांवर काळा चष्मा. रडून सुजलेले डोळे झाकले असतील, असं बहुतेकला वाटलं. खिडकीत थेंबांची औषधाची बाटली होती. लेक भिंतीला टेकून बसली होती. तापातून नुकतीच उठलेली, ओठ सुकलेले. तिच्या खाटेच्या वरच्या खुंटीला रेनकोट टांगला होता. तिची नजर सारखी त्याच्याकडे जात होती.

बाई एकट्याच पायऱ्या चढून वर गेल्या. पांढऱ्या जाळीदार पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी होते. एकाच्या पाऱ्याच्या फुग्यावर ओल्या कापडाची पट्टी, दुसरा उघडा. कुठला कोरडा आणि कुठला ओला, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. खोलीत भिंतीवर दाबमापक होता, घड्याळासारखी तबकडी, वर दोन काटे. बारीक काळा ९०७ वर. जाडसर, चकचकीत पितळी काटा ९१२.४ वर. टेबलावर नोंदवही होती. मंगळवारची ओळ भरलेली, अक्षर बाईमाणसाचं. बुधवारची ओळ कोरी, त्यापुढे काहीच नाही.

वही काखेत मारून त्या खाली आल्या.

"पाराकाका, बुधवारची ओळ कोरी का?"

"राहून गेली."

"चाळीस वर्षांत किती वेळा राहिली?"

म्हाताऱ्याने मन घट्ट केलं. "बाई, उगाच वेळ घालवू नका. मी वर गेलोच नाही. पाऊस होता, अंगात आळस होता. आदल्या दिवशीचे आकडे थोडे फिरवून सांगितले. अपराध माझा. लिहून घ्या, मी सही करतो."

"बाबा!" लेक म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

बहुतेकने सुटकेचा निःश्वास सोडला. सोडल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली.

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "काका, चष्मा काढा."

त्याने काढला नाही. बाईंनीच तो हळूच उचलला. खाली एका डोळ्यावर पट्टी होती. "मोतीबिंदूचं ऑपरेशन," बाई म्हणाल्या. "बाटलीवर मंगळवारची तारीख आहे. मंगळवारी आणि बुधवारी सकाळी तुम्ही दवाखान्यात होता. रजा मागितली असती तर डोळे गेल्याचं कळलं असतं, म्हणून मागितली नाही. नोंदी लेक घेत होती. अक्षर तिचंच आहे. तुम्हाला वाटतंय, तापात तिला वर जाववलं नाही आणि तिने आकडे मनाने सांगितले. म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेताय."

म्हाताऱ्याच्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं. "पोर आहे हो माझी. नवरा गेला तिचा. अजून काय काय सोसेल?"

"पण फोनवर बाईचा आवाज नव्हता," बाई लेकीकडे वळून म्हणाल्या. "कोण होतं ते तुम्हाला माहीत आहे."

लेक सांगू लागली. "मंगळवारी रात्री मला ताप चढला. पहाटे उठायला गेले तर त्याने उठू दिलं नाही. म्हणाला, झोप, तुझा डोंगर आज मी चढतो. डोळा लागला. जाग आली तेव्हा उशाशी चहा होता, आणि तो म्हणाला, झालं तुझं काम, फोनही केला. मला बरं वाटलं. मग हा दिसला." तिने रेनकोटाकडे बोट केलं. "कोरडा. बाहेर पाऊस पडत होता, आणि हा कोरडा. म्हणजे तो गेलाच नव्हता. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलला, आणि त्याच खोट्यावर होडी सोडली. मी उठले असते तर तो आज असता."

एवढं बोलून ती रडली नाही, हेच बघवत नव्हतं.

"तो खोटं बोलला नाही," बाई म्हणाल्या. "तो वर गेला होता."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

बाईंनी चिठ्ठी काढली. "पाऊस ६.२. धरणावर ६. घरात बसून थापा मारणाऱ्याला हा आकडा सापडत नाही. त्याने पर्जन्यमापकातलं पाणी नळीत ओतून मोजलंय. तेवढं कोणालाही जमतं. वहीला मात्र त्याने हात लावला नाही, ती काकांची. आता तापमान. ओल्या कापडातलं पाणी उडतं, त्याने गारवा येतो. म्हणून ओला तापमापक कोरड्यापेक्षा वर कधी जातच नाही. हे काकांना ठाऊक आहे, लेकीलाही. त्यांनी खोटे आकडे बनवले असते तरी ही चूक केली नसती. रात्रभराच्या पावसात नावाड्याला पेटीतलं सगळंच ओलं दिसलं असणार. त्याने दोघांची अदलाबदल केली, पण दोन्ही आकडे खरे होते."

"आणि दाब?" बहुतेकने विचारलं.

पाराकाकांना उत्तर आधी कळलं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "पितळी काटा," ते पुटपुटले.

"हो. खरा काटा काळा. पितळी काटा आपण हाताने फिरवतो. नोंद झाली की तो काळ्यावर आणून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी दाब किती हलला ते कळतं. मंगळवारी लेकीने तो ९१२.४ वर ठेवला. बुधवारी पहाटे त्या अंधाऱ्या खोलीत जो चमकत होता तोच त्याने वाचला. फोनवरून दाब गेला तो मंगळवारचा. काळा काटा शेजारीच उतरलेला होता."

बाई लेकीकडे वळल्या. "रेनकोट तुमच्या उशाच्या वर होता. काढला असता तर तुम्ही जाग्या झाला असता. तो तसाच भिजत गेला."

आता लेक रडली. म्हाताऱ्याने चाचपडत तिचा हात शोधला.

बहुतेक कोपऱ्यात उभा होता. बाई त्याच्याजवळ गेल्या. "हे बाण तुमचे?"

"हो."

"ओल्याचा आकडा कोरड्यापेक्षा जास्त आला की काय करायचं?"

"फोन करून पुन्हा विचारायचं." त्याचा आवाज खोल गेला होता. "आम्ही विचारत नाही. उलटं सांगितलं असेल म्हणून आकडे फिरवतो. सगळेच फिरवतात. सातला अंदाज द्यायचा असतो."

"तुम्ही फिरवलेत आणि आकडे बरोबर झाले. पण फोनवर कोणी नवखा आहे, हे सांगणारी तेवढी एकच खूण होती. ती तुम्ही पुसलीत. फोन केला असता तर तो म्हणाला असता, अहो मी नावाडी, मला यातलं कळत नाही. तुम्ही विचारलं असतं, काळा काटा कुठे आहे?"

"माझं नाव लिहा," बहुतेक म्हणाला. या वेळी त्याने वाक्याला 'बहुतेक' लावलं नाही.

"लिहिणार आहे. काकांनी रजा लपवली, तेही लिहिणार. घराचं काय होईल ते माझ्या हातात नाही. जमेल तेवढं भांडेन." बाईंनी नोंदवही लेकीसमोर ठेवली. "ही ओळ कोरी ठेवता येणार नाही. दाबाच्या रकान्यात रेघ मारा. बाकीचं त्याने बरोबर आणलंय."

लेकीने पेन घेतलं. तापमानाचे आकडे लिहिले. पावसाच्या रकान्यात ६.२ लिहिलं. शेवटचा रकाना 'नोंद घेणारा' असा होता. तिथे वरपासून खालपर्यंत चाळीस वर्षं तिच्या वडिलांचंच नाव होतं, तिने घेतलेल्या नोंदींपुढेसुद्धा.

"इथे?" तिने विचारलं.

"जो वर गेला त्याचं," बाई म्हणाल्या.

बाहेर पुन्हा सर आली होती. लेकीने तिथे नवऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत वही मिटू दिली नाही.