नानांचा काळा पुठ्ठा

कुणी हसेल हे ठाऊक असूनही सांगते, कारण हे घडलं आहे. १९९६ चा फेब्रुवारी, महाशिवरात्रीच्या आधीचा आठवडा. शिरपूर. पंडितनानांच्या घरामागचं अंगण.

नाना दुर्बिणीतून ग्रहांचे फोटो काढायचे. दुर्बिणीचा आरसाही त्यांनी हातानंच घासलेला. पंधरा-एक वर्षांनी कधीतरी शनीचं कडं आपल्याला दिसेनासं होतं. तो बिनकड्याचा शनी त्यांना टिपायचा होता. ऑगस्टची संधी ढगांनी घालवली.

दिवाळीत नाना गेले.

फेब्रुवारीतली संधी शेवटची. त्यांची मुलगी शैला धुळ्याहून रजा काढून आली. कॅमेऱ्यात नानांचाच रोल होता. त्यात एकच फोटो उरलेला.

या कामाला दोन माणसं लागत. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की दुर्बिणीची नळी थरथरते. म्हणून शैला नळीच्या तोंडापुढे काळा पुठ्ठा धरायची. नाना बटण दाबून अडकवून ठेवायचे, म्हणजे आतली फिल्म उघडीच राहायची. थरथर थांबली की म्हणायचे, "हं." ती पुठ्ठा बाजूला घ्यायची. "बस." ती पुन्हा झाकायची. चुकून धक्का लागला तर ओरडायचे, "अगं, ढोलकी आहे का ती?"

आता बटण शैलालाच दाबायचं होतं, आणि पुठ्ठा धरायला कुणी नव्हतं.

"आई, तू ये ना जरा."

"माले नही देखाना तो शनी," लिलाबाई आतूनच म्हणाल्या. "त्यानाच नादमा गयात तुना नाना."

सूर्य बुडाला. पश्चिमेला, निंबाच्या वर, शनी दिसला. शैलानं बटण अडकवलं आणि पुठ्ठा धरून पुढे उभी राहिली.

थरथर थांबली की नाही, कसं कळणार?

"नाना, सांगा ना..."

तेवढ्यात वीज गेली. कोपऱ्यावरची गिरणी बंद पडली. पलीकडचं कुत्रं भुंकता भुंकता गप्प झालं...

आणि अगदी कानाजवळ...

"हं."

तिनं पुठ्ठा काढला. भीती वाटलीच नाही. तिला फक्त दुसरा शब्द ऐकायचा होता.

तो आलाच नाही.

झाकलं की रोल संपला. मग नाना कशासाठी बोलतील? ती पुठ्ठ्याचा हात वर धरून उभी राहिली. शनी निंबाआड गेला. हात बधिर झाला.

"म्हणा ना नाना... मी झाकते, पण म्हणा..."

दारात कंदील हलला.

"शैला, बठ्ठा अंधार व्हई गया. कितला वखत उभी राहशी?"

"नाना अजून 'बस' म्हणाले नाहीत."

"मघाशीच म्हनात ना! तू आयकं नही?"

बोलून गेल्यावर लिलाबाईंनी तोंडावर हात ठेवला.

पुढच्या आठवड्यात धुळ्याच्या स्टुडिओवाल्यानं फोटो पुढे सरकवला. "मॅडम, एवढ्या ठिपक्यासाठी रोल घातला?"

इतका वेळ फिल्म उघडी राहिल्यावर फोटो पांढरा पडायला हवा होता. निदान ग्रह सरकल्याची रेघ तरी यायला हवी होती.

काळ्या कागदावर एक छोटा, गोल, बिनकड्याचा शनी होता. केसभरही न हललेला.

कुणीतरी वेळेवर झाकलं होतं.

पुठ्ठा तर तिच्या हातात होता...

शिरपूरला गेली की शैला अजून आईला विचारते, "कसे म्हणाले गं? आवाज कसा होता?"

लिलाबाई उठतात आणि मागचं दार लावून घेतात.