दोन बोटं टेकवली

"इथल्या दादांनी माझ्या फोनची वाचा घालवलीय," असं म्हणत तो दुकानात शिरला आणि फोन काउंटरवर ठेवला. नेमका तिच्या चहाच्या कपावर. तिने चटकन कप मागे ओढला म्हणून दोघेही वाचले, फोनही आणि चहाही.

तिने वर पाहिलं. वकिलाचा काळा कोट, हातात घडीची पांढरी काठी, आणि ओठांच्या कोपऱ्यात भांडायला आलेल्या माणसाला अजिबात न शोभणारं हसू.

दुकान तिच्या दादाचं. फोन दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि लोकांच्या फोनमधली चोंबडी सिस्टिम काढून तिथे तोंड बंद ठेवणारी सिस्टिम घालणं हे त्याचं वेड. या नव्या सिस्टिममध्ये तुम्ही काय बोललात, कुठे गेलात, काय वाचलंत, याचा बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. वकीलसाहेबांना तेच हवं होतं. संसार मोडायला निघालेली माणसं त्यांच्यापाशी मन मोकळं करत, ते तिसऱ्या कानी जाऊन कसं चालेल? दादाने हौसेने सगळं बसवून दिलं. त्यात पडदा वाचून दाखवायची सोयही होती... फक्त वाचणारा आवाज नव्हता. तो वेगळा घालावा लागतो, हे डोळस दादाच्या डोक्यातच आलं नाही.

"दादा बाहेर गेलाय," ती ओशाळून म्हणाली. "तोवर मी वाचून दाखवू?"

"दाखवा. पण आतलं सगळं गुपित असतं हं."

"मी दादाचीच बहीण आहे. पोटातलं ओठावर येत नाही."

"अरेरे," तो म्हणाला, "मग तर अवघडच."

तिने वाचलं. आईचा मेसेज, कोर्टाची तारीख, कुणा मित्राचा पांचट विनोद. तो मान किंचित कलती करून ऐकत होता. आजवर तिच्याकडे पुष्कळांनी पाहिलं होतं, पण असं कुणी ऐकलं नव्हतं. फोन परत देताना तिला उगीचच वाटलं, अजून चार मेसेज असायला हवे होते.

संध्याकाळी दादाने कुठूनसा एक फुकटातला आवाज शोधून बसवला. तो इतका रुक्ष की वकीलसाहेबांनी त्याचं नाव हवालदार ठेवलं.

"आईने जेवलास का विचारलं, तरी हा मला अटक करायला आल्यासारखं वाचतो," तो तक्रार करायचा. आणि मग एक दिवस हळूच म्हणाला, "पहिल्या दिवशीचा आवाज मिळणार नाही का?"

ही सिस्टिम बनवणाऱ्या दादाच्या मंडळींनाही आपल्या भाषेत धड आवाज हवाच होता. मग काय, दुकानामागच्या खोलीत भिंतींना रजया टांगल्या आणि ती माइकसमोर बसली. "बॅटरी संपत आली आहे." "पुढच्या चौकात डावीकडे वळा." "झुरळाने छत्री उघडली." सगळे उच्चार यायला हवेत म्हणून असली अचाट वाक्यं. घसा बसला, पाठ धरली, पण प्रत्येक वाक्य ती त्याला सांगत असल्यासारखं म्हणत होती. झुरळाचंसुद्धा.

आवाज तयार झाला. हवालदार निवृत्त झाला. आणि वकीलसाहेबांच्या दुकानातल्या फेऱ्या वाढल्या.

"स्क्रीनगार्ड बदलायचाय."

"पडदा तर कायम काळा ठेवता. कुणी डोकावू नये म्हणून!"

"ते काचेला कुठे माहीत आहे?"

एकदा त्याने तिला तिचाच आवाज ऐकवला, तिप्पट वेगाने. "मी असं तडतडते?" ती किंचाळली. तो म्हणाला, सवय झाली की सगळं कळतं. आणि दोन बोटं काचेवर टेकवली की आवाज जागच्या जागी गप्प. तिने ते टेकवणं नीट पाहिलं. बोटं लांबसडक होती.

घरी गेल्यावर मात्र जीव रमेना. आपला आवाज सकाळपासून त्याच्या कानात... आणि आपण इथे! काय वाचून घेत असेल आपल्याकडून? फोन कुणाला काही सांगत नाही, तिलाही नाही. तिला त्या फोनचा चक्क हेवा वाटला. त्याला आपण आवडतो, की आपला आवाज नुसता सोयीचा आहे? एवढं एकच तिला कळायला हवं होतं.

म्हणून एका संध्याकाळी, दुकानाबाहेरच्या बाकावर, तिने धीर केला.

"ऐका ना... मला तुम्हाला एक सांगायचंय. रोज वाटतं, सांगावं. मला तुमची—"

बाकाच्या फळीवर त्याची दोन बोटं टेकली.

ती ताडकन उठली. तोही दचकला, हात एकदम मागे घेतला. "अहो, नाही... थांबा—"

"दादा हाक मारतोय," ती म्हणाली आणि आत पळाली. दादा गावाला गेला होता.

पुढचे कितीतरी दिवस तो आला नाही. त्याचे फोन आले, ते तिने घेतले नाहीत. दाराची घंटी किणकिणली की मान वर व्हायची, आणि कुणाचा तरी फुटका फोन पाहून खाली जायची. रडू यायचं, आणि स्वतःचाच राग यायचा. दादाने विचारलं तेव्हा तिने खापर डाळीच्या फोडणीवर फोडलं.

मग एका दुपारी घंटी वाजली आणि काठीची ओळखीची टकटक आत आली. त्याने फोन काउंटरवर ठेवला. या वेळी जपून, कपापासून लांब. फोन खरखरला, "दुपारचे तीन वाजले आहेत."

हवालदार!

तिने फोन जवळ ओढला. "माझा आवाज... काढून टाकलात?"

"त्याच संध्याकाळी."

"कंटाळा आला असेल. तिप्पट वेगाने ऐकलं की तिप्पट लवकर येत असेल कंटाळा."

"भांड. पण आधी ऐक," तो म्हणाला. तुम्हीवरून तूवर तो कधी आला, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. "दिवसभर तुझ्या आवाजात मी विजेची बिलं ऐकायचो, नोटिसा ऐकायचो. नकोसं झालं की बोटं टेकवायची. हाताला तशीच सवय लागली. आणि खरी तू बोलायला लागलीस, तर या गाढवांनी तुलाच गप्प केलं." त्याने ती दोन बोटं वर धरली. "बिलं हवालदार वाचेल. त्याला गप्प करताना मला काही वाटत नाही. तुझा आवाज मला फक्त तुझ्याकडून हवाय."

तिने कप अलगद बाजूला सरकवला.

"आहेस ना?" त्याने घाबरून विचारलं. "अर्धवट राहिलंय... मला तुमची, काय?"

ती काउंटरला वळसा घालून त्याच्यासमोर आली. त्याची ती दोन बोटं तिने मुठीत घट्ट धरली, पुन्हा कुठे टेकायला नकोत म्हणून. आणि एका दमात, भीतीने तिप्पट वेगात, सगळं सांगून टाकलं.

तो मान किंचित कलती करून ऐकत राहिला. बोटं सोडवून घ्यायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

"कळलं?" तिने विचारलं.

"अक्षर न् अक्षर," तो म्हणाला. "आता पुन्हा सांग... हळू. मला कुठेही जायचं नाहीये."