गुलाबी संपली आहे

प्रेमाने सिंहासनं डळमळली आहेत, चांगल्या शहाण्यासुरत्यांनी घरदार सोडलं आहे. प्रेमापुढे जगातला कुठलाही अडसर टिकत नाही, असं मी छातीठोकपणे सांगणार होतो. पण ही गोष्ट ज्या प्रिंटरची आहे, त्याच्यापुढे प्रेमानेही हात टेकले होते.

प्रिंटर एका नर्सबाईंचा. आठ महिन्यांपूर्वी, सलग दोन पाळ्या करून आल्यावर, त्यांनी त्याला उचललं आणि कचऱ्यात टाकायला जिना उतरू लागल्या. वळणावर खालच्या मजल्यावरचा कवळीवाला भेटला. दवाखान्यांना कवळ्या बनवून देणं हा त्याचा धंदा. नखांत कायम प्लास्टर, डोळ्यांत कायम अपुरी झोप.

"कुठे निघालात दोघं?"

"ह्याला पोचवायला. गुलाबी शाई संपली म्हणून काळंही छापणार नाही म्हणतो."

"रुसलाय. द्या इकडे."

"तुम्हाला ह्यातलं येतं?"

"दिवसभर दातांशीच झगडतो… हा तर नुसता दात विचकतोय."

ती हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

त्याने शाईच्या कार्ट्रिजवरच्या टिकलीएवढ्या चकचकीत चिपवर चिकटपट्टी लावली आणि प्रिंटर फसला. तीन आठवड्यांनी प्रिंटरच्या ते लक्षात आलं. मग 'फक्त काळं' निवडून पाहिलं, मग जुनं कार्ट्रिज काढून पुन्हा बसवलं. दर वेळी तो वाकायचा, ती टॉर्च धरायची. बोलायचं त्राण दोघांतही नसायचं. खांद्याला खांदा लागायचा… आणि कोणीच सरकायचं नाही. थकव्यामुळे, असं दोघंही समजत.

"अगं, नवी शाई का आणत नाहीस?" आतून तिची आई.

"मिळत नाही गं, जुनं मॉडेल आहे."

अशा वेळी कवळीवाला प्रिंटरचे स्क्रू फार बारकाईने बघायचा.

गेल्या गुरुवारी चार वाजता तिने त्याचं दार वाजवलं. पायांत अजून इस्पितळाचेच बूट.

"बदलीचा फॉर्म आहे. पाचच्या आत सही करून द्यायचाय."

"बदली… कुठे?"

"बारा तास लांब."

तो निमूट वर आला. आता एकच उपाय उरला होता — लाल बटण दाबून धरायचं. बोट उचललं की प्रिंटर जागच्या जागी अडून बसायचा. त्याने बटण दाबलं. कुरकुरत कागद सरकू लागला. वरच ठळक अक्षरं होती: 'बदलीस माझी संमती आहे.'

बोट उचलायचा अवकाश, ही बाई कुठेही जाणार नव्हती.

त्याने बोट उचललं नाही. घाम पुसायलासुद्धा नाही.

"एक सांगू?" तो प्रिंटरकडे बघतच म्हणाला. "गुलाबी कार्ट्रिज माझ्याकडे आहे. टेबलाच्या खणात. सात महिने."

"माहीत आहे."

"काय?"

"दुकानदार म्हणाला, शेवटचं होतं ते तुमच्या खालच्या मजल्यावरचे घेऊन गेले."

"मग मागितलं का नाही?"

"तुम्ही दिलं का नाही?"

प्रिंटर खरखरला.

"दिलं असतं, तर मला वर कोण बोलावणार होतं?" तो शेवटी म्हणाला. "जाऊ नका… म्हणजे, जा हवं तर. पण जाऊ नका."

"एवढं सांगायला सात महिने?"

"थकून जायचो हो."

"मीही." तिने पहिलं पान उचललं, सावकाश चार तुकडे केले आणि त्याच्या खिशात कोंबले. "फॉर्म दोन पानी असतो. पहिलं होकाराचं, दुसरं नकाराचं. हा सगळं एका दमात छापतो, निवडून छापत नाही."

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. प्रिंटर एकदम थांबला.

"अहो!" ती म्हणाली. "बोट ठेवा ना बटणावर. नकार अर्धाच आलाय."