उतारावरची फांदी

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, मधेच हसू नये.

आणि ही अमावस्येची, पिंपळाखालची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. सन १९४४, भाद्रपद महिना. अकोले तालुक्यातले डोंगर, भंडारदरा धरणाच्याही पलीकडचं राखीव जंगल.

ज्यांच्यासोबत हे घडलं ते कृपादान मास्तर म्हणजे माझ्या आईचे मामा. सगळं घर त्यांना मास्तरमामा म्हणायचं. त्यांना थापा मारता येत नसत. खरं तर त्यांना फारसं बोलताच येत नसे.

तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ते अकोल्यात मिशनच्या शाळेत शिकवायचे. बायको दया नर्स होती. डोंगरात तापाची साथ आली म्हणून तिला एका लांबच्या वाडीवर पाठवलं होतं. मास्तर अधूनमधून सायकलने तिला भेटून यायचे.

रस्ता जणू त्यांच्या एकट्याच्या मालकीचा. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. कोळशाच्या गॅसवरची मोटार राजूरपर्यंत आली तर आली. त्यापुढे बैलगाडीसुद्धा दिसायची नाही. नुसतं जंगल, धरणाचं पाणी आणि सायकलीच्या साखळीची कुरकुर. मास्तरांना ते फार आवडायचं.

त्या दिवशी मात्र त्यांना काहीच आवडत नव्हतं.

आदल्या दिवशी वाडीचा मच्छिंद्र पायी चालत अकोल्याला आला होता. शाळेच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "मास्तर, बाई पडल्यात तापानं. गोळ्या समद्या लोकास्नी वाटल्या. सोतापुरती एक बी न्हाई ठिवली."

"शुद्धीवर आहे?"

"कवा हायेत, कवा न्हाईत."

मास्तर म्हणाले, "बरं."

एवढंच. मच्छिंद्रला वाटलं, यांना ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. पण छातीच्या आत जे हलायला हवं होतं, ते हललं नाही. डॉक्टरांच्या हातापाया पडून क्विनाईनची एक बाटली मिळवली, ती रुमालात गुंडाळून पोटाशी बांधली आणि पहाटे निघाले. हात आपोआप चालत होते. पाय आपोआप चालत होते. मास्तर कुठेच नव्हते.

राजूर गेलं. धरण गेलं. चढावर उतरून सायकल ढकलत ढकलत दुपारी ते सड्यावर आले. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ. झाड नाही, झुडूप नाही. धुकं इतकं दाट की हँडलवरची घंटा दिसेना.

सड्यानंतर उतार. आणि उतार वाईट होता.

लढाईत रबर कुठलं मिळायला? ब्रेकला मास्तरांनी जुन्या वहाणेच्या तळाचे तुकडे लावले होते. ओल्यात ते धरतच नसत. म्हणून डोंगरातले सायकलवाले तेव्हा एक युक्ती करायचे. उतारावर सायकलीच्या मागे एक जड फांदी बांधायची. ती जमिनीवरून फरफटत आली की वेग आटोक्यात राहतो. मास्तरांनी आपली फांदी सड्यावरच्या एका कपारीत लपवून ठेवलेली असायची.

त्यांनी कपारीत हात घातला...

फांदी नव्हती.

कुणीतरी जळणाला नेली असणार.

आता तिथे जवळ झाडं म्हणावीत तर एकाच ठिकाणी. उताराच्या तोंडाशी देवराई होती. जुनी, गर्द, आत पाऊल टाकलं की अंधारून यावं अशी. त्या राईतलं वाळलेलं पानसुद्धा कुणी उचलत नसे. मास्तर ख्रिस्ती, पण लोकांचा मान राखणारे. एरवी त्या राईवरून जाताना घंटाही वाजवत नसत. दयाने त्यांना तसं बजावलं होतं.

त्या दिवशी ते सरळ आत गेले आणि पिशवीतला कोयता काढून हिरड्याची एक फांदी तोडली.

पहिल्या घावाला रातकिडे गप्प झाले...

दुसऱ्या घावाला पानांवरून पाणी ठिबकायचंही थांबलं.

मास्तरांना ते कळलं. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. त्यांनी फांदीला सुंभ बांधला, दुसरं टोक सायकलीच्या कॅरिअरला बांधलं आणि उतार धरला.

खर्र... खर्र... खर्र...

फांदी मागून येत होती. वेग बरा होता. एक वळण गेलं. दुसरं गेलं. मग फांदी जड झाली. दगडात अडकली असेल म्हणून मास्तर उतरले.

सायकल थांबली. फांदी थांबली.

आवाज थांबला नाही.

खर्र... खर्र...

मागच्या वळणावरून, धुक्यातून, कुणीतरी पाय ओढत यावं तसा तो जवळ आला. फांदीपाशी आला. आणि मग थांबला.

धुक्यात कुणीही नव्हतं.

मास्तर परत बसले. आवाज परत सुरू झाला. आता मात्र आवाज दोन होते. एक फांदीचा आणि एक तिच्या मागचा.

उतार संपला, सपाटी लागली. फांदीचं काम संपलं. सुंभाची गाठ ओल्याने घट्ट बसली होती, सुटेना. मास्तरांनी कोयत्याने सुंभ कापला, अर्धा सुंभ फांदीलाच राहिला, आणि ती उचलून ओढ्यात फेकून दिली.

निघाले.

खर्र... खर्र...

मागे आता फांदी नव्हती.

इथे दुसरा कुणी असता तर सायकल टाकून पळाला असता. नाहीतर देवाचं नाव घेतलं असतं. मास्तरांच्या डोक्यात एकच होतं, वाडी. वाडीतली एक खोली. त्या खोलीतला श्वास चालू आहे की नाही. मागे वळूनही न बघता, रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाशी बोलावं तसं ते म्हणाले,

"मला थांबता येत नाही. बायको आजारी आहे. यायचं असेल तर चला बरोबर."

तेवढंच त्यांचं चुकलं.

दिवेलागणीला ते वाडीवर पोचले. दारात गोजरबाई उभी होती. वाडीतली सुईण, दयाजवळ तीच बसून होती. मास्तरांनी सायकल कुडाला टेकवली. मागचा आवाज अंगणात येऊन थांबला.

गोजरबाईने त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "मास्तर, संगं कोन हाय?"

"कोणी नाही."

"मंग दार लावू?"

मास्तर आत गेले. गोजरबाई बाजूला झाली, कुणाला तरी वाट द्यावी तशी, आणि तिने दार लावलं.

दयाचा हात चुलीतल्या निखाऱ्यासारखा तापला होता. मास्तरांनी गोळ्या दिल्या. रात्रभर ओली पट्टी बदलत राहिले. पहाटे ताप उतरला. तिने डोळे उघडले. पहिलं वाक्य बोलली ते असं, "अहो, माझ्या पायावर कोण बसलंय?"

कुणी बसलं नव्हतं. डावा पाय बधिर झाला होता. चिमटा काढला तरी कळत नव्हतं.

काही दिवसांनी ती भिंत धरून उभी राहिली. सारवलेल्या जमिनीवरून पाय ओढत दारापर्यंत गेली.

खर्र... खर्र...

मास्तर ताट घेऊन बसले होते. घास हातातच राहिला.

ते त्याच दिवशी उलट्या वाटेने गेले. ओढ्यात फांदी नव्हती. चढून राईत गेले. ज्या हिरड्यावर कोयता चालवला होता, त्याच्यावर कुठेही घाव नव्हता. फांदी जागच्या जागी होती. हिरवी, पानं धरलेली.

आणि तिला अर्धा सुंभ बांधलेला होता... त्यांच्याच गाठीचा.

परत आल्यावर त्यांनी गोजरबाईला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "तुमी सोता व्हऊन बोलावलं का?"

मास्तरांनी मान डोलावली.

"मंग ऱ्हाऊ द्या. आलेल्या पाव्हण्याला जा म्हनत्यात व्हय? बाई हाय न्हवं जित्ती? लई झालं."

खरंच, दया जगली. चांगली म्हातारी होईपर्यंत जगली. नगरला घर केलं, मुलं झाली. पाय मात्र तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, तापाने शिरा गेल्या. आम्ही पोरं सुट्टीत तिथे जायचो, तेव्हा फरशीवरून वहाण घासत येणाऱ्या दयामामीचा आवाज हाच त्या घराचा आवाज होता. मास्तरमामा त्या आवाजाला कधी दचकले नाहीत. कधी हसलेही नाहीत. आम्हाला ते तुसडे वाटायचे.

दयामामी १९८१ साली गेली.

मातीला गेलेली माणसं परतली, पांगली. संध्याकाळी घरात मास्तरमामा आणि मी. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

आणि आतल्या खोलीतून...

खर्र... खर्र...

मी आतल्या दाराकडे वळले. "मामी?"

"नाही," मास्तरमामा म्हणाले. "ती गेली. मी माती दिली ना." मग म्हणाले, "पहिल्यापासून दोन आवाज होते, एक तिच्या पायाचा आणि एक तिच्या मागचा. सायकलीच्या दोन चाकांची चिखलात एकच खूण उमटते ना, तसं. मला कळत होतं."

तेव्हा त्यांनी मला ही सगळी गोष्ट सांगितली. तोपर्यंत ती फक्त त्यांना आणि गोजरबाईला माहीत होती.

सांगून झाल्यावर ते उठले. आतल्या खोलीच्या दाराकडे बघून त्यांनी हात जोडले.

"तुम्ही बरोबर आलात. ती जगली. आता मला कुठे पोचायचं नाही. तुम्ही परत जा."

आवाज निघाला. माझ्या समोरून, फरशीवरून, रिकाम्या फरशीवरून, बाहेरच्या दरवाजापर्यंत गेला. आणि थांबला.

मास्तरमामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं, सकाळी मातीलासुद्धा नाही.

"मास्तरमामा," मी विचारलं, "दार लावू?"

त्यांनी डोळे पुसले.

मी दार लावलं. कडी घातली.

आणि मग एकदाच... खर्र.

मास्तरमामाही आता नाहीत. ते घरही राहिलं नाही. मी मात्र अजून रोज संध्याकाळी दार लावताना थांबते. कारण त्या दिवशी तो शेवटचा आवाज दाराच्या बाहेरून आला की आतून, हे मला अजूनही सांगता येत नाही.