मटार दमतात तेव्हा

सावलीत ठेवलेल्या पोत्यात हात घातला आणि आत गरम लागलं, तर तुम्ही काय म्हणाल? मी म्हटलं, पोतं उन्हात असेल. पण नव्हतं. भाजीवाल्या इंगळेकाकूंनी ते माझ्यासमोरच गाडीतून उतरवून कापडाखाली ओढलं होतं आणि दोरी सोडली होती. वर मटाराच्या शेंगा, खाली मटाराच्या शेंगा, आणि कोपरापर्यंत हात आत घातला की नुकतंच कुणी उठून गेलेल्या गादीसारखी ऊब. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की मटाराचं पोतं असंच असतं, घ्यायचे तर घे नाहीतर हात काढ. मी हात काढला, आणि आईने मटार घेतले.

एक आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ही पोरगी फार जिज्ञासू वगैरे होती. मी दमलेली होते. त्या उन्हाळ्यात अकोल्यात सगळेच दमलेले होते. दुपारी घराबाहेर पडायचं नाही असा नियमच झाला होता, म्हणून बाजार दिवस कलल्यावर भरायचा. माझी आई, सुलभा गावंडे, गारवा केंद्रात परिचारिका आहे. (ज्यांच्या घरी पंख्यानेही भागत नाही अशा माणसांना दुपारभर थंड हवेत बसवून सांभाळतात, ते गारवा केंद्र.) दिवसभर लोकांच्या नाड्या बघून ती संध्याकाळी घरी यायची, चपलाही न काढता मला हाक मारायची, आणि आम्ही दोघी बाजारात. बाबा कच्छमध्ये सौरपट्ट्यांच्या कामावर, त्यामुळे पिशव्या धरायला मीच.

आणि हे रोज, तेही आबांमुळे. आबा म्हणजे बाबांचे वडील. आजची भाजी आजच आणायची आणि आजच शिजवायची, हा त्यांचा दंडक. शिळं त्यांना चालत नाही, आणि बर्फातलं तर घराचा उंबरा ओलांडून यायचंच नाही. आबा कधी आवाज चढवत नसत. ते नुसतं ताट पुढे सरकवून ताकभात मागत. ओरडले असते तर परवडलं असतं, कारण ताकभाताच्या दुसऱ्या दिवशी आई आणखीच धावायची.

त्या पोत्याच्या संध्याकाळी आईने कढईत तेल तापत ठेवलं, ओट्याला टेकली आणि उभ्या उभ्या झोपली. मी तिच्या मागेच कोथिंबीर निवडत होते. तेलाचा धूर यायला लागला तेव्हा मी वर बघितलं. तिच्या ओढणीचं टोक ज्योतीपासून वीतभरही लांब नव्हतं. मी गॅस बंद केला, ओढणी ओढली, तेव्हा तिने डोळे उघडले आणि मोहरी तडतडली का असं विचारलं. मोहरी तिने अजून टाकलीच नव्हती.

मला फार भीती वाटली. आबांचा राग आला, बाबांचा आला, त्या मुक्या मटारांचाही आला. हे रोजचं बाजाराला पळणं बंद झालं नाही, तर एक दिवस आई खरंच शेगडीवर पडेल, एवढं मला कळलं. पण हे आबांना सांगायचं कसं, ते कळत नव्हतं.

आमच्या घरात आणखी एक जण होते, तपासराव. म्हणजे यंत्रमानव. एका भाजी गोठवणाऱ्या कारखान्यात ते भाज्या तपासायचे. कारखाना बंद पडला आणि पालिकेने तिथली जुनी यंत्रं घरोघरी वाटली, तेव्हा आमच्या वाट्याला हे आले. उंची माझ्या कमरेएवढी, एक चाक कुरकुरणारं, आणि पुढे वास घ्यायची लांब नळी. त्यांची बॅटरी म्हातारी झाली होती. दोन-चार वाक्यं बोलले की थांबून दम खायचे. आम्ही त्यांच्याकडून फार तर डबे उचलून घ्यायचो. भाजीबद्दल त्यांना विचारावं हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं, आता बोला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कामावर गेल्यावर मी त्यांना पोत्याचं विचारलं. आबा समोरच पेपर वाचत होते.

“मटार जिवंत असतो, निशी,” तपासराव म्हणाले. “तो श्वास घेतो. म्हणून गरम होतो.”

मला ते पटेना. तोडलेली शेंग कसली श्वास घेते? मग तपासरावांनी मला उरलेल्या शेंगा एका डब्यात घालायला सांगितल्या. झाकणाच्या फटीतून नळी आत सरकवली आणि फट ओल्या कणकेने बंद करायला लावली. त्यांच्या पोटावर एक काटा आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड (आपण उच्छ्वासातून सोडतो तो वायू) किती आहे, ते तो दाखवतो. मी घर झाडून येईपर्यंत काटा चांगलाच पुढे सरकला होता. डब्यात शेंगांशिवाय कुणी नव्हतं. म्हणजे उच्छ्वास त्यांचाच.

मग त्यांनी दम खात खात सगळं उलगडून सांगितलं. वेलीवर असताना शेंगेला पानं साखर पुरवतात आणि मुळं पाणी. शेंग तोडली की हा पुरवठा बंद. पण आतल्या पेशी (सजीवाचं शरीर ज्यांचं बनलेलं असतं ते सूक्ष्म कप्पे) काही लगेच मरत नाहीत. त्यांना जगायला ताकद लागते. ती मिळवायला त्या जवळची साखर हवेतल्या प्राणवायूने हळूहळू जाळतात. ह्याला श्वसन म्हणायचं. ह्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि उष्णताही. एका शेंगेची उष्णता कळत नाही, पण पोतंभर शेंगा एकमेकींना चिकटून बसल्या की मधली ऊब बाहेर जायला वाट नसते.

“आणि हवा जितकी गरम, तितका श्वास जलद,” तपासराव म्हणाले. “बाहेर दहा अंशांनी तापलं, की खर्च साधारण दुप्पट. कधी तिपटीच्या घरात. उन्हाळ्यात मटार इथे पिकत नाही. थंड डोंगरातून निघतो, दिवसचे दिवस गाडीत असतो. आला तोवर बरीचशी साखर त्याने स्वतःच खाल्लेली असते. काही साखरेचं पिष्ट झालेलं असतं.” (पिष्ट म्हणजे पिठूळ, बेचव द्रव्य. कच्चा बटाटा चावून बघा, म्हणजे कळेल.)

कमाई बंद आणि खर्च चालू. मला एकदम आई दिसली, ओट्याला टेकलेली. 

आबांनी पेपर खाली ठेवला होता. कांदा का टिकतो मग, असं त्यांनी विचारलं. त्यांनी यंत्राला प्रश्न विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. तपासराव म्हणाले की कांदा-बटाटा फार सावकाश श्वास घेतात, त्यांचा जन्मच मुळी साठवणुकीसाठी. पालक, मेथी, मटार, मक्याचं कणीस ही सगळी कोवळी, वाढीच्या घाईतली. ती भराभर खर्च करतात आणि लवकर दमतात. आबांनी मान हलवली. हे त्यांना हाताने माहीतच होतं, कारण मोर्णा नदीच्या काठी पूर्वी त्यांचा भाजीचा मळा होता. पहाटे कापलेली मेथी दुपारच्या ताटात असायची. त्यांचा दंडक तिथला होता.

मी धीर केला. कोपऱ्यावरच्या दुकानातून गोठवलेल्या मटाराची पिशवी आणली आणि आबांसमोर ठेवली. आबांचा चेहरा लगेच बदलला. हे मेलेलं हाय, म्हणाले. मी तपासरावांकडे बघितलं. ते नाही म्हणतील, अशी माझी आशा.

“हो, मेलेला आहे,” तपासराव म्हणाले. “पण मेला तेव्हा त्याच्याजवळ साखर शिल्लक होती.”

कारखान्यात काय करायचे तेही त्यांनी सांगितलं. शेतातून काही तासांत आलेले दाणे आधी उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवायचे. पेशींमध्ये विकरं (जिवंत पेशीतली कामं भराभर उरकणारी द्रव्यं) असतात. नुसत्या थंडीने ती मरत नाहीत, पेंगतात, आणि पेंगत पेंगत चव आणि रंग बिघडवत राहतात. उकळत्या पाण्याने त्यांचं काम कायमचं थांबतं. मग लगेच गार पाण्यात, म्हणजे दाणा शिजत नाही. आणि मग झटकन गोठवायचं. सावकाश गोठवलं तर पेशीतल्या पाण्याचे मोठे, टोकदार स्फटिक होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. झटकन गोठवलं तर स्फटिक बारीक राहतात. उकळताना थोडं जीवनसत्त्व जातं, हे त्यांनी लपवलं नाही. रोज थोडं थोडं जाण्यापेक्षा एकदा जातं आणि थांबतं, एवढंच.

आबा म्हणाले, बोलणं खूप झालं, शिजव. मी दोन वाट्यांत मटार शिजवले, एकीत बाजारचे, एकीत बर्फातले, दोन्हींत नुसतं मीठ. आबांनी आपणहून डोळे मिटले. मनात म्हटलं, आता फसतील. फसतात कसले. पहिल्याच घासाला बोट उचलून म्हणाले की हा बर्फातला, हा मऊ हाय. माझा चेहराच पडला. एवढा खटाटोप पाण्यात गेला, असं वाटलं.

पण आबांनी त्याच वाटीतून दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. मग बाजारची वाटी चाखली आणि बराच वेळ चावत बसले.

“हा मऊ हाय, पण गोड हाय,” ते म्हणाले. “अन् हा नुसताच कडक. ह्यात काही उरलंच नाही.” मग डोळे उघडले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “म्हणजे मी तिले रोज शिळंच आनाले पाठवत होतो.”

तेव्हा मी त्यांना ओढणीचं सांगितलं. आई झोपली होती ते, तेल, सगळं.  आबांनी वाट्या स्वतः उचलून घासल्या. मी जन्मल्यापासून हे बघितलं नव्हतं.

त्या रविवारी बाजारात आई नव्हती, आबा आणि मी होतो. इंगळेकाकूंकडे गाडी कधी लागते ते आबांनी आधी विचारून घेतलं होतं, माल उतरायच्या वेळेलाच गेलो. घरी आल्यावर तपासराव नळी फिरवत सांगत गेले आणि आम्ही भाजी लावत गेलो. मेथी-पालक आधी संपवायचे, मग गवार, मग दोडका, कोबी, आणि शेवटी कांदे-बटाटे. उरणारा पालक आणि गवार आम्ही कारखान्यासारखेच उकळत्या पाण्यातून काढले, गार केले, कापडावर टिपून घेतले. मी सगळं एका मोठ्या डब्यात कोंबायला निघाले तेव्हा तपासरावांनी नळीने माझा हात अडवला. गठ्ठा जाड असेल तर आतपर्यंत थंडी पोचायला वेळ लागतो, आणि वेळ लागला की मोठे स्फटिक. म्हणून ताटात पातळ पसरून गोठवायचं आणि मग पिशव्यांत भरायचं. पालकाचे देठ आबांनी टाकू दिले नाहीत, बारीक चिरून डाळीसाठी ठेवले.

आबांनी गुपचूप एक काकडीही गोठवून बघितली. बाहेर काढून ठेवली तर ओल्या फडक्यासारखी लोळागोळा झाली. काकडीत जवळजवळ सगळं पाणीच, तेव्हा पेशी फाटल्यावर उरणार काय? आबा हसले, आणि कोशिंबिरीचं ताजंच आणावं लागेल म्हणाले. मग गच्चीवर कुंड्या मांडून, जुनं पातळ बांधून सावली केली आणि मेथी पेरली. खुडली की सरळ कढईत, ह्याला म्हणतात ताजी, असं तपासरावांना ऐकवूनही आले. तपासरावांनी ते मान्य केलं. पुढे कधीतरी शहरातल्या सगळ्या गच्च्या अशा होतील, लांबून भाजी आणावीच लागणार नाही, असंही म्हणाले. मग बराच वेळ दम खात उभे राहिले.

सोमवारी संध्याकाळी आई आली. चपला पायातच, दारातूनच मला हाक, पिशव्या घे म्हणून. मी म्हटलं, जायचं नाही. तिला ते कळेचना. स्वयंपाकघरात आली, तर ओट्यावर पालकाची डाळ, मटार-बटाट्याचा रस्सा आणि आबा पोळ्या शेकत होते. पोळ्या मी लाटल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या आकाराबद्दल बोलायला नको. आई कुणाला बरं नाही का, असं विचारत आबांच्या हातातला चिमटा घ्यायला पुढे झाली. आबांनी दिला नाही.

“तू बस, सुलभा,” ते म्हणाले. “आज आधी तू जेव.”

आमच्याकडे आई सगळ्यात शेवटी जेवते. ती भिंतीला टेकून बसली, पण कशी, तर बसायला विसरलेलं माणूस बसतं तशी, अर्धवट. मी ताट वाढत होते. रस्सा वाढला, डाळ वाढली, पोळी ठेवली, आणि वर बघितलं तर आईची मान कलली होती. तोंड थोडं उघडं. श्वास संथ चालला होता.

मी तिला उठवायला हात पुढे केला. रोजचीच सवय. भाजी गार होते, बिघडते, उद्या पुन्हा आणावी लागते, हेच तर आम्ही शिकत आलो होतो.

आबांनी गॅस बंद केला. ताटावर दुसरं ताट पालथं घातलं, पंख्याचं तोंड आईकडे वळवलं आणि हळूच म्हणाले, “उठवू नको. भाजीले आता थांबता येते.”

मग आम्ही दोघंही तिथेच, जमिनीवर, ती उठेपर्यंत बसून राहिलो.